बँडच्या खरे मॅडम

खरे मॅडमना ताल नव्हता. मी ही निंदा करत नाही. ओळख करून देताना त्या स्वतःच नाव, गाव आणि हे, असं तिन्ही एका दमात सांगून मोकळ्या होत. "मी वासंती खरे, मूळची साताऱ्याची, आणि मला ताल अजिबात नाही हं!" समोरचा माणूस हसायचा. थोड्या वेळाने त्याला कळायचं की या बाई परदेशात, चोआ चू कांग नावाच्या वस्तीतल्या एका शाळेत बँडच्या प्रमुख शिक्षिका आहेत. मग तो हसायचा थांबायचा आणि त्या हसायला लागायच्या.

आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. लिफ्टच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे खरे. शाळा आमच्या इमारतीच्या समोरच होती. त्या तिथे गणित शिकवायच्या आणि माझी मुलगी इरा तिथेच शिकायची, बँडमध्येही होती. मी वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर दिवस काढणारा माणूस, तेव्हा बँडशी माझा संबंध इराला आणायला जाण्यापुरताच. पण शाळेच्या कँटीनच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की परेडचं पटांगण सबंध दिसायचं, आणि पटांगणाच्या कडेने, गटाराच्या झाकणांवरून, बँडच्या बरोबरीने तुरुतुरु चालणाऱ्या खरे मॅडम दिसायच्या. अंगात फिकट सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर भली थोरली कापडी पिशवी. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, चिकटपट्ट्या, सेफ्टी पिना, ग्लुकोजची बिस्किटं आणि काळे मोजे. मोजे त्या डझनाने आणून ठेवायच्या, कारण बँडच्या गणवेशात काळेच मोजे लागतात आणि जगातलं कुठलंही मूल कार्यक्रमाच्या दिवशी ते हमखास विसरतं. हे त्यांचं निरीक्षण. मला ते आजवर खोटं ठरलेलं दिसलं नाही.

गंमत अशी की बँडच्या डाव्या पायाला मॅडमचा उजवा पडायचा. नेहमी. म्हणजे योगायोगाने तरी कधी पाय जुळावा! पण नाही.

त्यांच्या गळ्यात हा बँड पडला कसा, तेही त्या रंगवून सांगायच्या. तिथल्या शाळांत प्रत्येक मुलाला वर्गाबाहेरचं काहीतरी एक करावंच लागतं, आणि प्रत्येक शिक्षकाला त्यातलं एक सांभाळावं लागतं. मॅडमनी बुद्धिबळ मागितलं होतं. शांत खेळ, बसल्या जागी, आवाज नाही. नेमके त्याच वर्षी बँडचे शिक्षक शाळा सोडून गेले आणि मुख्याध्यापिकेने यांच्याकडे पाहिलं. "वाजवायला शिकवायला मिस्टर लिम येतात, तुम्ही फक्त मुलं सांभाळा," असं सांगून त्यांना घोड्यावर बसवलं. हे मिस्टर लिम लष्कराच्या बँडातून निवृत्त झालेले. बोलणं कमी आणि भुवया जास्त. पहिल्या दिवशी मॅडमनी त्यांनाही आपली ती ओळख करून दिली. त्यांच्या भुवया वर गेल्या त्या वर्षभर खाली आल्या नाहीत म्हणे.

सासर मात्र गाणाऱ्यांचं. यजमान अरविंदराव हिशेबनीस होते, पण गळा असा की आमच्या गणपतीत त्यांनी आरती उचलली की शेजारची चिनी आजीसुद्धा दार उघडून उभी राहायची. ते मॅडमना चिडवत, "नाचता येईना अंगण वाकडं!" त्यावर मॅडम म्हणत, "मी अंगणाला कधी नावं ठेवलीत हो? मी सरळच सांगते, मला येत नाही." लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत म्हणे सासूबाईंनी भर आरतीत त्यांच्या हातातली झांज हळूच काढून घेतली आणि निरांजनाचं तबक दिलं. "निरांजनाला ताल लागत नाही ना!" असं सांगून मॅडम हसत, आम्हीही हसत असू. पण आरती सुरू झाली की सगळे टाळ्या वाजवायचे आणि मॅडम हात जोडून उभ्या राहायच्या, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. मला तिने सांगितल्यावर दिसलं. इतक्या वर्षांनंतरही त्यांनी आरतीत एक टाळी वाजवली नव्हती.

मॅडमच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार यायचं: "थांबणंसुद्धा मोजावं लागतं." कुणाची नोकरी गेली, कुणाचा पोरगा वर्षभर घरी बसला, कुणाचं लग्न लांबलं, की मॅडमचं हे ठरलेलं. मला वाटायचं साताऱ्याची म्हण असेल. पण ती त्यांना हाफिझने दिली होती.

हाफिझ बँडमध्ये सूझाफोन वाजवायचा. म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालून डोक्यावर परातीएवढं तोंड काढणारा तो पितळी भोंगा. पोरगा अबोल, गोल चेहऱ्याचा, इरापेक्षा एक वर्षाने मोठा. मॅडम नवीन असताना एकदा सराव चालू होता, सगळी मुलं जीव खाऊन वाजवत होती आणि हा आपला भोंगा अडकवून ढिम्म. मॅडम थोडा वेळ पाहत राहिल्या. गणिताच्या तासाला कुणी पेन खाली ठेवलं तर त्यांना खपत नसे, इथे कसं खपावं? त्यांनी सराव थांबवला आणि सगळ्यांदेखत त्याला झाडलं. बाकीचे घाम गाळतायत आणि तू काय झोपा काढतोस! मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मिस्टर लिमच्या भुवया कपाळ सोडून जायच्या बेतात होत्या. हाफिझ मात्र शांतपणे म्हणाला, "चेर, आय नॉट स्लीपिंग. माय पार्ट रेस्ट. रेस्ट ऑल्सो मस्ट काउंट."

चेर म्हणजे टीचर. तिथली मुलं शिक्षकांना अशीच हाक मारतात. त्याने मॅडमना आपला कागद दाखवला. लांबच लांब विश्रांती लिहिलेली होती आणि पोरगा तेवढा वेळ मनातल्या मनात आकडे मोजत उभा होता. एक आकडा चुकला तर नेमक्या जागी शिरता येत नाही. मॅडमनी तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, "सॉरी हाफिझ, आय वॉज राँग," म्हटलं. घरी येताना लिफ्टमध्ये मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा नवीन प्रमेय सापडल्यासारखा झाला होता. "अहो पेठे, न वाजवणाराही बँडमध्येच असतो! मला कुणी हे सांगितलंच नव्हतं." तेव्हापासून हाफिझ त्यांचा गुरू झाला.

आणि याच हाफिझने बँडला टांग दिली. दोन वर्षांनी एकदा शाळाशाळांची स्पर्धा असे. तिच्या ऐन आठवड्यात तो यायचा बंद झाला. फोन नाही, निरोप नाही. संचलनात प्रत्येकाची जागा आखलेली असते, वळणं, तिरक्या रांगा, सगळं त्या जागांवर. मिस्टर लिम म्हणाले, मुलांना सरकवून घेऊ, भोक बुजवू. मॅडम म्हणाल्या, नाही. जागा तशीच राहील. मिस्टर लिम म्हणाले, परीक्षकांना दिसेल. मॅडम म्हणाल्या, दिसू दे. एवढ्या गोड बाई, पण एकदा अडल्या की अडल्या. बँड तिसऱ्या रांगेत भोक ठेवून स्पर्धेत उतरला आणि अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली आला.

इरा घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. "हाफिझ पांगसे अस, बाबा!" म्हणजे त्याने आम्हाला टांग दिली; पांगसे हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. माझी बायको म्हणाली, "भरवशाच्या म्हशीला टोणगा!" दार उघडं होतं. मॅडम बाहेरून जात होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "म्हशीला कुणी विचारलंय का, काय झालंय म्हणून?"

त्यांनी जाऊन विचारलं. हाफिझच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आई सगळ्यांना घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला, बहिणीकडे राहायला गेली होती. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, बहिणीचा चहाचा स्टॉल होता, तिथे आई उभी राहू लागली. हाफिझचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. शाळेनंतर तो स्टॉलवर. कागदोपत्री विषय संपला होता. मॅडमपुरता मात्र तो संपला नाही. सरावाच्या दर आखणीत तिसऱ्या रांगेतली ती जागा रिकामी राहू लागली. नवी मुलं विचारायची, तिथे कोण? जुनी मुलं, त्यात आमची इरा पहिली, नाक मुरडून सांगायची, "नोबडी." आणि मॅडम सांगायच्या, "हाफिझ. हिज रेस्ट इज गोइंग ऑन." दर शुक्रवारी सराव संपला की त्या बँडच्या खोलीतला तो सूझाफोन मऊ फडक्याने पुसायच्या.

बेडोकला त्या अधूनमधून जात. एका रविवारी माझाही एक मित्र तिकडे राहतो म्हणून मी बरोबर गेलो. एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसून बसून कंबर धरते एवढं ते लांब. स्टॉलवर हाफिझ चहा गाळत होता. मॅडमना पाहून त्याने मान खाली घातली. "चेर. तेह, लेस शुगर?" एवढंच बोलला आणि कमी साखरेचा तेह, म्हणजे चहा, आणून ठेवला. मॅडमनी वडिलांचा हात आता वर उचलतो का ते विचारलं, नव्या शाळेत गणिताला कोण आहे ते विचारलं, आईशी बोलल्या, दुसरा चहा मागवला. बँडचा ब नाही. मला वाटलं, एवढ्या लांब काय नुसता चहा प्यायला आलो? उठताना मात्र त्या म्हणाल्या, "युअर प्लेस इज देअर, हाफिझ." तो टेबल पुसत राहिला. आधीच पुसलेलं होतं ते. "ओके, चेर," म्हणाला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "सरळ सांगा की हो त्याला, एकदा येऊन मुलांना भेट. तो लाजेने मेलाय आणि मुलं रागाने फुगलीयत."

"पेठे, तो मोजतोय," मॅडम म्हणाल्या. "मध्येच ढोसलं तर आकडा चुकेल."

पुढच्या वर्षी शाळेचेच दिवस मोजायची वेळ आली. आमच्या भागात मुलं कमी झाली होती. दोन शाळांची एक करायची ठरलं, आणि आमची शाळा दुसरीत मिसळायची होती. दुसरीला स्वतःचा बँड होता. म्हणजे आमचा बँड वर्षाअखेर बंद. शाळेने त्याआधी एक होमकमिंग वीक ठेवला. सगळ्या जुन्या मुलांनी आठवडाभर केव्हाही यावं, वर्गांत बसावं, कँटीनमध्ये खावं, आणि शनिवारी सकाळी जुन्या-नव्या सगळ्या बँडने मिळून पटांगणाला शेवटची फेरी मारावी. मॅडम या सगळ्याला माहेरपण म्हणायच्या. "माहेर मोडायच्या आधीचं माहेरपण हो," असं वर सांगायच्या.

तो आठवडा मी ऑफिसातून लवकर पळायचो. टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ बँडच्या खोलीतून जुने लाल कोट शोधून अंगावर चढवत होते, आणि बटणं लागत नाहीत तिथे मॅडम सेफ्टी पिना लावत होत्या. एक बाई तान्हं मूल नवऱ्याच्या हातात देऊन क्लॅरिनेट घेऊन उभी राहिली. मॅडम सगळ्यांत होत्या, हसत होत्या, पण त्यांचं लक्ष फाटकाकडे होतं. सोमवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारी लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "पेठे, यायला हवा ना तो? का मीच वेडी?" त्यांना इतकं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना या बँडकडून बक्षीस नको होतं, काही नको होतं. शेवटची फेरी भोकासकट निघू नये, एवढंच हवं होतं.

शनिवारी सकाळी बँड पटांगणात उभा राहिला. इरा त्या वर्षी बँड मेजर होती. पुढे चांदीच्या मुठीचा दंड घेऊन चालायचं आणि हुकूम द्यायचे, तो मान. तिसऱ्या रांगेतली जागा रिकामी होती. मी कठड्यापाशी होतो, आणि मलाच तो आधी दिसला. कुंपणापलीकडे बसस्टॉपवर, स्टॉलचाच टी-शर्ट घातलेला हाफिझ. बस आली आणि गेली, तो तिथेच. मॅडमनाही दिसला असणार, कारण त्या गटाराच्या झाकणावर थिजल्यासारख्या उभ्या होत्या. पण त्या हलल्या नाहीत. ओठ हलत होते. खरोखर मोजत होत्या की काय कोण जाणे.

शेवटी हलली ती इरा. दंड शेजारच्या मुलीकडे देऊन ती ताडताड फाटकाबाहेर गेली. मला वाटलं, ही आता भर रस्त्यात भांडणार! पण ती त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. काय बोललीस म्हणून मी नंतर विचारलं. "व्हेअर युअर ब्लॅक सॉक्स, आय सेड. दॅट्स ऑल लाह, बाबा."

दोघं आत आली तेव्हा मॅडम पिशवीत हात घालून काळे मोजे शोधत होत्या आणि डोळे भरल्यामुळे त्यांना ते सापडत नव्हते. शेवटी हाफिझनेच पिशवीतून काढून घेतले. आतून कुणीतरी सूझाफोन आणला. तो लख्ख होता. हाफिझने त्याच्यावरून बोट फिरवलं, मॅडमकडे पाहिलं, आणि तिसऱ्या रांगेत आपल्या जागी जाऊन उभा राहिला. शेजारच्या पोराने त्याला कोपराने एक ढोसणी दिली. एवढ्यावर ते भांडण मिटलं.

मॅडमनी सवयीने रांगांवरून नजर फिरवली. आणि दचकल्या. हाफिझच्या पलीकडे अजून एक जागा रिकामी होती. त्यांनी पुन्हा पाहिलं. गणिताच्या बाई, त्यांचा हिशेब चुकणार नाही. "इरा, हू इज मिसिंग?" त्या घाबऱ्या होऊन विचारू लागल्या. मिस्टर लिम आपले बूट पाहत होते.

"नोबडी मिसिंग, चेर," इरा म्हणाली. "दॅट वन युअर्स."

मॅडम दोन पावलं मागे सरल्या. मराठीतच म्हणाल्या, "अगं, मला ताल नाही!" एक मुलगा त्यांच्यासाठी झांजांची जोडी घेऊन आला, ती मात्र त्यांनी हात मागे घेऊन नाकारली. "नो, नो. नॉट दॅट. आय विल ओन्ली वॉक." पिशवी माझ्याकडे दिली आणि त्या लाल कोटांच्या मधोमध, फिकट सलवार-कमीजमध्ये, हात ताठ करून उभ्या राहिल्या.

बँड निघाला, आणि अर्थातच मॅडमचा पाय चुकला. सगळ्यांचा डावा, यांचा उजवा. इरा उलटी चालत बँडकडे पाहत होती, तिने ते पाहिलं. तिथे कवायतीचे हुकूम मलयमध्ये देतात. तिने दंड उंचावला आणि ओरडली, "तुकार लांग्का!" पाऊल बदला. सबंध बँडने, त्या पोट सुटलेल्या गृहस्थांसकट, एक ठुमकी घेऊन पाऊल बदललं, मॅडमच्या पायाशी जुळवून घ्यायला. पण मॅडमना दर सरावाला ऐकून ऐकून सगळे हुकूम पाठ होते, आणि त्यांच्याइतकं आज्ञाधारक त्या पटांगणात कोणी नव्हतं. त्यांनीही ठुमकी घेतली. पुन्हा सगळ्यांचा डावा, यांचा उजवा!

कँटीनपाशी हशा उसळला. इराने परत हुकूम दिला. बँडने बदललं, मॅडमनीही इमानेइतबारे बदललं. मी हसत होतो आणि मला धड दिसत नव्हतं. तेवढ्यात भोंग्याखालून हाफिझने मान वळवून मॅडमना काहीतरी सांगितलं. इराने तिसऱ्यांदा हुकूम दिला. सगळ्यांनी ठुमकी घेतली. मॅडम नुसत्या चालत राहिल्या, आपल्या आपल्या पायाने, गटाराच्या झाकणांवरून चालायच्या तशा. आणि पटांगणातला एकूण एक पाय त्यांच्या पायाबरोबर पडू लागला. उरलेली सगळी फेरी तशीच झाली.

ती संपल्यावर त्या माझ्याकडे पिशवी घ्यायला आल्या. घामाने डबडबलेल्या, लाल झालेल्या. मी विचारलं, "हाफिझ काय म्हणाला हो?"

"म्हणाला, चेर, नेक्स्ट वन यू रेस्ट. वी काउंट."

त्यांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "झांज काढून घेतली होती हो माझ्या हातातून. आज सासूबाई हव्या होत्या बघायला."

वर्षाअखेर शाळा बंद झाली आणि खरे मंडळी साताऱ्याला परतली. फोन होत राहिले, भेट राहून गेली. गेल्या महिन्यात अरविंदरावांचा फोन आला, मॅडम गेल्याचं सांगायला. इराला कळवलं, तिने हाफिझला कळवलं. त्याने तिला एवढंच लिहिलं, की चेरचा रेस्ट सुरू झालाय, मोजत राहू.

मला त्या दिसतात त्या त्याच सकाळी. माझ्या हातून पिशवी घेऊन, मुलांना पाणी द्यायला, पटांगणातून तुरुतुरु निघालेल्या. कोपऱ्यात कुणीतरी पोर ड्रम वाजवत होतं, आणि मॅडमचा पाय त्याच्या एकाही ठोक्यावर पडत नव्हता.